थंडीचा आकडा

सूर्यतळ दफेदार माणसाला तोंडावरून ओळखत नसत. तोंड बदलतं, असं त्यांचं म्हणणं. माणूस दाढी ठेवतो, चष्मा लावतो, पगाराच्या दिवशी एक दिसतो आणि ऑडिटच्या दिवशी दुसराच. ओळख पटवायची तर भोवरे बघावेत, चट्टे बघावेत, चाल बघावी आणि शक्यतो मागून बघावं. त्यामुळे आमच्या जनावरांच्या दवाखान्यात कुणी येऊन गेलं आणि आपण "कोण होतं?" असं विचारलं, की उत्तर यायचं, "नाव न्हाई विचारलं. पन डोक्यात दोन भोवरे, उजव्या खांद्यात जरा ढिला, डावा पाय आधी टाकतो."

गंमत म्हणजे एवढ्यावर माणूस कळायचा. "पाणीपुरवठ्याचे ओव्हरसिअर आले होते," असं मी आवक वहीत लिहून टाकत असे, आणि ते कधी चुकलं नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी नांदेडहून बदलून तिथल्या पशुसंवर्धनाच्या कार्यालयात भांडारपाल म्हणून आले. माहेर माझं हदगावचं, त्यामुळे धुळीची सवय होती. जिल्हा नवा, पण सामान सगळं जुन्या जिल्ह्याचं. टेबलं जुनी, शिक्के जुने, पाकिटं जुनी. पहिल्या आठवड्यात दोनशे पाकिटांवरचं 'उस्मानाबाद' मी पट्टी धरून खोडलं आणि वर 'लातूर' लिहिलं. कागदावर रेघ मारायला मला कधी काही वाटलेलं नाही.

दफेदार तिथे आधीपासून होते. बिलोलीकडचे. पलटणीच्या घोड्यांच्या डेपोत जन्म काढून, दफेदार, म्हणजे घोडदळातले हवालदार, होऊन, पेन्शन घेऊन आलेले. आमच्याकडे त्यांचं पद होतं 'व्रणोपचारक', म्हणजे जखमा बांधणारा. हा शब्द दवाखान्यात येणाऱ्या एकाही शेतकऱ्याला उच्चारता येत नसे, आमचे हेडक्लार्क बडे बाबू, त्यांनाही नीट येत नसे, म्हणून सगळे दफेदारच म्हणत. राहायला दवाखान्यामागची एक खोली. जयंतीला बिलोलीला भावाकडे जात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत येत. फोन वाजला तर आधी सलाम ठोकत आणि मग उचलत.

त्यांच्याजवळ एक लांबट वही असे. तिला ते हुलिया वही म्हणत. पलटणीत प्रत्येक घोड्याचा हुलिया लिहितात, म्हणजे रंग, उंची, खुणा, खोड. दफेदारांनी ती सवय इकडे आणली आणि कार्यालयातल्या प्रत्येकाचा हुलिया लिहून ठेवला. मी रुजू झाले त्याच दिवशी माझाही झाला. कार्यालयप्रमुख डॉक्टर साहेबांनी तो चहाच्या वेळी मोठ्याने वाचला:

"बाई. रंग कुमैत. उंची पंधरा मुठी. डाव्या भुवईवर जुना व्रण. चाल तेज. लाथ मारीत नाही, पण कान मागे घेते."

कुमैत म्हणजे तांबूस, आणि घोडं कान मागे घेतं ते राग आला की, हे मला तिथेच कळलं. मी म्हटलं, "दफेदार, शेवटचं वाक्य काढा."

"तपासून लिवलंय बाई," ते शांतपणे म्हणाले. "आत्ता बी घेतलेच की."

आठ दिवस मला सगळे कानांची खुशाली विचारत होते.

या वहीचा उपयोग मात्र एकदा असा झाला की बड्या बाबूंनी त्यानंतर तिला नावं ठेवणं सोडलं. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. बाबूंची बायको माहेरी अडकलेली, म्हणून चहापाण्याला मी आणि दफेदार. मुलगा गोरा, उंच, बोलायला गोड. दफेदारांनी बश्या ठेवल्या, मुलाच्या मागून एक फेरी मारली आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, हे जनावर आधी एका ठिकानी विकलेलं हाय."

"काय बोलता!"

"नरसीला याच्या लग्नात जेवलोय मी. मानंवर उलटा भोवरा. असा भोवरा हजारात एक."

चौकशी केली. खरं निघालं. बडे बाबू पुढे कित्येक दिवस दफेदारांना आधी चहा देऊन मग स्वतः घेत.

तर अशा माणसाच्या हातात सरकारने थंडी दिली.

गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी आमच्याकडे द्रव नायट्रोजनचा कंटेनर आला होता. जड, चकचकीत, झाकण उघडलं की पांढरा धूर. तो माझ्या ताब्यात. दफेदार त्याला नायट्रोजन म्हणत नसत. त्यांनी मला मागणीची चिठ्ठी दिली, "थंडी, तीन लिटर." मी ती परत केली, या नावाची वस्तू साठा नोंदवहीत नाही म्हणून. चिठ्ठी दुरुस्त होऊन आली, "थंडी (लई), तीन लिटर."

त्यांना ती हवी होती घोड्यांवर आकडे टाकायला. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. टँकर येणार, चारा छावण्या उघडणार, हे दिवाळीपासूनच दिसत होतं. आधीच्या वर्षी जनावरांच्या अंगावर रंगाने आकडे घातले होते. ते धुऊन एकच बैल तीन वेळा चाऱ्याला उभा राहिला होता. गाईगुरांच्या कानात बिल्ले मारायचं ठरलं. टांग्याच्या घोड्यांचं काय, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा दफेदार ताठ उभे राहिले.

"घोड्याच्या कानात बिल्ला न्हाई चालत साहेब. कान ही त्याची जबान हाय. त्याला थंडीचा आकडा टाकू. मरस्तोवर पुसत न्हाई."

पितळी आकडे त्यांनी तांबटाकडून ओतून घेतले, शून्य ते नऊ. डेपोच्या संचात असते म्हणून सोबत एक सरळ पट्टीही करून घेतली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. मी तिची 'पितळी रेघ, नग एक' अशी नोंद केली.

गोलाई चौकाजवळच्या टांगा अड्ड्यावर एका सकाळी अकरा घोड्यांचं काम झालं. पाहायला अर्धा बाजार. ज्या गावात आठवड्यातून दोनदा पाणी येतं तिथे भांड्यातून गार धूर निघतोय म्हटल्यावर लोक येणारच. एक म्हातारी पदर पुढे करून धूर अंगावर घेत होती. एकाने बर्फाचा गोळा मिळेल का म्हणून विचारलं. अड्ड्यावर सगळ्यात जुने टांगेवाले महबूबचाचा. त्यांची चमेली नावाची घोडी काळीभोर, दफेदारांच्या भाषेत मुश्की. चाचा घाबरले होते.

"दफेदारसाब, डाग देरे क्या मेरी घोडी को?"

"डाग न्हाई चाचा. आग कुठं हाय हितं? उलट हाय सगळं."

पद्धत अशी. पाठीमागच्या डाव्या पुठ्ठ्यावरचे केस कातरायचे, स्पिरिटने पुसायचं, आकडा नायट्रोजनमध्ये बुडवायचा, उकळी थांबली की काढून कातड्यावर दाबायचा. पहिल्या झटक्याला घोडं दचकतं, मग ती जागा बधिर होते. किती वेळ दाबायचं हे घड्याळावर नव्हतं. दफेदार बिलोली-नांदेड रस्त्यावरची गावं मोजत. "बिलोली... नरसी... नायगाव... कहाळा... उचला." काळ्या-तांबड्या घोड्याला कहाळ्यापर्यंत. पांढऱ्या घोड्याला थेट नांदेडपर्यंत, कारण पांढऱ्यावर पांढरा केस काय दिसणार. तिथे केसच जाऊन टक्कल पडावं लागतं. मी चोरून घड्याळ लावून पाहिलं. अकराही घोड्यांना गावं अगदी सारख्या अंतरावर होती.

आकडे टाकून झाले आणि दुसऱ्या दिवसापासून दफेदारांची टिंगल सुरू झाली. कारण या आकड्याचं असं आहे की तो लगेच दिसत नाही. आधी सूज, मग काहीच नाही, मग कोंडा. त्या जागी नवा केस येतो तो पांढरा येतो, आणि त्याला दोन महिने लागतात. टांगेवाल्यांना एवढा धीर कुठला! दफेदार अड्ड्यावरून निघाले की हाका येत, "दफेदार, आकडा उन्हात वितळला जी!" "दफेदार, माझ्या घोड्यानं चाटून खाल्ला!" ते न थांबता म्हणत, "सरकारी काम हाय. वर यायला टाइम लागनारच."

आणि आला. फाल्गुनात चमेलीच्या काळ्या पुठ्ठ्यावर खडूने लिहावा तसा शुभ्र आकडा उठला, ४-७. चाचांनी तो तेल लावून चमकवला. बाकीच्या दहांवरही उठले. दफेदार त्या दिवशी अड्ड्यावर मागे हात बांधून तीन वेळा फिरले.

आता चूक कुठे झाली ते सांगते. सातवा क्रमांक घोडीचा, आणि आधीचा चार हा जिल्ह्याचा. पण चार हा जुन्या जिल्ह्याचा क्रमांक. नव्या जिल्ह्याचा क्रमांक ठरल्याचं पत्र तेव्हा यायचं होतं. माझ्या यादीत त्या रकान्यात 'प्रतीक्षेत' असंच लिहिलेलं होतं. साहेब म्हणाले होते, "तोवर जुनाच टाका, पत्र आलं की दुरुस्ती करू." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कार्यालयात दुरुस्ती म्हणजे लाल शाई आणि बाजूला सही. पुठ्ठ्यावर लाल शाई चालत नाही, हे आमच्यापैकी कुणालाही त्या वेळी सुचलं नाही. दफेदारांनाही नाही.

छावणी उघडली ती फक्त नव्या जिल्ह्यातल्या जनावरांसाठी. साहेबांनी खटपट करून टांग्याची घोडीही मंजूर करून घेतली होती, पक्का आकडा आहे म्हणून. फाटकावरच्या कारकुनाने पुठ्ठा वाचला आणि हात आडवा केला.

"चार नंबर. हे त्या जिल्ह्याचं जनावर."

"अरे मियाँ," चाचा ओरडले, "ये घोडी औशाके आगे बी नै गई कबी!"

"मी घोडीला नाही विचारत. तिच्या पाठीवर लिहिलंय ते वाचतो."

अकरा टांगे तसेच परत आले.

नव्या क्रमांकाचं पत्र एव्हाना आलेलं होतं, साहेबांनी एका तासात तोड काढली. जुन्या आकड्यावर थंडीने आडवी रेघ मारायची, खाली नवा आकडा टाकायचा. तो उठायला दोन महिने लागतील, तोवर साहेबांचा दाखला, की जुना क्रमांक काढला, नवा टाकला. दाखल्यावर आजच्या आज घोडी आत. साधी गोष्ट होती.

दफेदार म्हणाले, "न्हाई."

फोनला सलाम करणारा माणूस साहेबांना नाही म्हणाला. साहेबांना आधी आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं.

"नवा आकडा टाकतो साहेब. रेघ न्हाई मारनार."

"अहो, दोन आकडे ठेवले तर कोणता खरा?"

"ते म्हाईत न्हाई. रेघ न्हाई मारनार."

त्यांच्याशिवाय हे काम येणारं जिल्ह्यात दुसरं कुणी नव्हतं. हात चुकला तर कातडं सडतं, त्यामुळे हौस म्हणून करायचं ते काम नव्हे. एक दिवस गेला, दुसरा गेला. बडे बाबू म्हणाले, "दफेदार, रेघ मारायला शिकवू का? पट्टी आणू?" दफेदार हसले नाहीत. टांगेवाले आता टिंगल करत नव्हते, शिव्या देत होते. साहेबांनी मेमो लिहायला घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. माझं कारण नियमात बसणारं होतं.

"दफेदार, पितळी रेघ, नग एक. साठ्यात आहे, जागेवर नाही."

"हाय. हरवली न्हाई." ट्रंकेतून त्यांनी ती काढली. वर्तमानपत्रही सुटलेलं नव्हतं. "घ्या."

"मला काय करायची? लोक तुम्हाला काय काय बोलतायत ऐकलंत ना?"

"ऐकून राहिलो की."

मी दारातच उभी राहिले. जाण्याचं लक्षण दाखवलं नाही, तेव्हा ते बोलले.

"डेपोत घोडं म्हातारं झालं, पाय गेला, की बोर्ड बसायचा बाई. नाव कमी. मग आकड्यावर रेघ. ते काम माझं. माझा हात हलका म्हनून मलाच द्यायचे. रेघ मारली, की मागल्या गेटानं न्यायचे. दुसऱ्या दिशी ठाण रिकामं." त्यांनी पुडी पुन्हा हातात घेतली. "रेघ पांढरी व्हायला दोन महिने लागतात. तेवढ्या मारल्या, पन एक बी रेघ पांढरी झालेली मी बघितली न्हाई."

"किती मारल्या?" यादी ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडून असलेच प्रश्न निघतात.

"बाकी सगळं मोजलं जिंदगीभर. तेवढं न्हाई मोजलं."

तेवढ्यात बाहेर टापा वाजल्या. महबूबचाचा. टांगा नव्हता, नुसती चमेली, दोरीने धरलेली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

"बाजार को लेके जारा," चाचा म्हणाले. भांडणाचा सूर नव्हता, तीच जास्त वाईट गोष्ट. "छप्पर का गवत बी खा गई. अब क्या खिलाऊं, टांगा?"

"या दिसांत घोडी कोन घेतंय चाचा?" दफेदार म्हणाले.

"घोडी कोई नै लेता. चमडा लेते."

दफेदार बाहेर आले. त्यांनी चमेलीच्या बरगड्यांवरून हात फिरवला, मग पोटाखालून, मग पुठ्ठ्यावर आणून आकड्यावर ठेवला. मान न वळवताच त्यांनी विचारलं,

"बाई, रेघ मारली तर तुमच्या वहीत काय लिवनार?"

"शेऱ्याच्या रकान्यात? रद्द."

त्यांनी मान हलवली. नाही अशी.

माझ्या मनात त्या वेळी फार मोठं काही आलं नाही. आमच्या कार्यालयातल्या प्रत्येकाच्या सेवापुस्तकात त्या वर्षी एकच शब्द पडला होता, तोच आठवला.

"बदली लिहू?"

"बदली?"

"जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात. माझी झाली, साहेबांची झाली. बदली झाली की जुन्या ठिकाणचं नाव कमी होतंच, त्याला काय करणार? माणूस दुसरीकडे असतोच ना."

त्यांनी विचार केला. "आन् रुजू?"

"आजच्या तारखेला रुजू. सही तुमची."

"आधी लिवा."

मी वही मागवून घेतली, ओट्यावर बसून लिहिलं आणि त्यांना दाखवलं. ४-७, चमेली, मुश्की. बदली. रुजू. त्यांनी प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचलं. मग खोलीत गेले आणि वर्तमानपत्र उलगडलं.

"थंडी द्या," म्हणाले.

दुपारपर्यंत अकराही झाली. या वेळी त्यांनी गावं मोजली नाहीत. मी घड्याळ धरलं आणि "बस" म्हणत गेले. संध्याकाळच्या आत दाखल्यासह सगळी छावणीत. साहेबांनी नोंदवहीतला शेऱ्याचा रकाना पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. मेमोचा कागद फाडून टाकला.

त्यानंतर दफेदारांना एक नवी खोड लागली. त्यांना कामावर उशीर व्हायला लागला. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास, चपला धुळीने भरलेल्या. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लाल खुणा पडू लागल्या, ज्या आयुष्यात पडल्या नव्हत्या. बड्या बाबूंनी विचारलं तर म्हणत, "चालाय जातो. पाय आखडले."

जेठात चाऱ्याचा साठा तपासायला मी सकाळीच छावणीवर गेले. कारकुनाचा हिशेब जुळेपर्यंत घोड्यांच्या ओळीकडे फेरी मारली. चाचा पाण्याची बादली घेऊन उभे होते. मला बघून त्यांनी नुसती हनुवटी उडवली, पलीकडे बघा म्हणून.

"रोज इधर आता," ते हळूच म्हणाले. "इतनी दूर पैदल. एक एक घोडी के पीछे खडा रहता, कुछ बोलता नै, चला जाता. चाय बोला तो बोलता, कल पिऊंगा."

दफेदार चमेलीच्या मागे उभे होते. घोडीच्या अंगावर आता मांस आलं होतं. तिच्या काळ्या पुठ्ठ्यावर जुन्या आकड्यावरून एक सरळ रेघ उठली होती, पांढरीशुभ्र, आणि दफेदार ती बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा चाचपत होते. आंधळ्याने चाचपावं तसं. घोडीला गुदगुल्या होत असाव्यात. तिने शेपूट फिरवली ती नेमकी त्यांच्या तोंडावर बसली. ते जागचे हलले नाहीत.

पाऊल वाजलं तसं मागे न बघताच म्हणाले, "बाई ना? चाल तेज हाय." मग म्हणाले, "अकरा हायेत."

"माहीत आहे. यादीत आहेत."

"यादीत हायेत ते हायेतच." त्यांचं बोट रेघेवरच होतं. "हितं हायेत."

मग ते शेजारची रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसले, घोडीच्या अगदी जवळ, आणि चाचांना म्हणाले, "चाचा, चहा सांगा. आज घाई न्हाई."